अर्धं वाक्य पोट्ट्यांचं

थायलंडला जायचं अजून नक्की झालेलं नव्हतं, तरी आईनं विहारात सांगून टाकलं होतं. रविवारच्या वंदनेला गेली आणि येताना बायकांच्या फर्माइशी घेऊन आली. कोणाला तिकडची बुद्धमूर्ती पाहिजे, कोणाला नुसती अगरबत्ती चालेल. मी भडकले. "अवं माय, अजून ठरलं नाई ना! नाई झालं तर मी कोन्या तोंडानं जाऊ विहारात?" आई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "होते. काऊन नाई होणार?" तिच्या या एका वाक्यानं मला पुढचे कितीतरी दिवस धड बसू दिलं नाही.

मी तेव्हा चंद्रपूरला बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या कॉलेजनं तिकडच्या एका आंतरराष्ट्रीय शाळेशी बोलणी केली होती. एका छात्राध्यापिकेनं एका सत्रासाठी तिथं जायचं, तिथल्या शिक्षिकेच्या हाताखाली वर्ग घ्यायचे, राहणं-खाणं शाळेकडे. कॉलेजनं माझं नाव पाठवलं. पण शाळेची एक अट होती. आधी कॉम्प्युटरवरून त्यांच्या खऱ्या वर्गाला एक पाठ द्यायचा. पाठ पसंत पडला तर ये, नाही तर आपल्या घरी सुखी राहा. आमच्या घरात तोवर कोणी विमान जवळून पाहिलेलं नव्हतं. बाबा एकदाच नागपूरच्या पुढे गेलेले, तेही कोणाच्या तरी लग्नाला, रेल्वेच्या दाराशी उभ्यानं. मला जायचंच होतं. दुसरं काही डोक्यात येतच नव्हतं. जेवताना, कपडे धुताना, बसमध्ये, एकच चाललेलं: जमेल का, नाही जमणार, जमेल का.

आम्ही घुग्घुसचे. बाबा तिथल्या एका सिमेंट कारखान्यात शिफ्टला जात. आमच्या घरात शांतता नावाची वस्तू नव्हती. दारासमोरून कोळशाचे ट्रक, मागून कारखान्याची घरघर, आणि त्याच्यावर आवाज चढवून बोलणारे आम्ही. नवा पाहुणा घाबरून विचारायचा, "भांडून राह्यले का तुम्ही?" बाबा म्हणायचे, "भांडन कुठी? चहा पिऊन राह्यलो ना बाप्पा!" ती घरघर कधी अचानक थांबली, की आई हातातलं काम टाकून दारात यायची. गल्लीतल्या सगळ्याच बायका आपापल्या दारात. कारखाना गप्प झाला म्हणजे एक तर लाईट गेली, नाही तर आत काहीतरी झालं. बाबांची मोटरसायकल वळणावर दिसेपर्यंत कोणी कोणाशी बोलायचं नाही. तेव्हापासून मला शांतता सोसत नाही. कुठं शांत झालं की मी काहीबाही बोलायला लागते. आई म्हणते, पोरीच्या पायाला भिंगरी अन् तोंडाला चक्की.

इंटर्नशिपसाठी मला पोंभुर्ण्याच्या पलीकडच्या एका खेड्यातली जिल्हा परिषदेची शाळा मिळाली होती. आठवडाभर चंद्रपूरच्या हॉस्टेलवर राहायचं, सकाळच्या एसटीनं शाळा गाठायची, दुपारच्या गाडीनं परत. हेडसरांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "दरवर्षी एक मॅडम येते, पोट्ट्यांना जीव लावते अन् निघून जाते. तुम्ही जरा बेतानं लावा." मी हसले. मला कुठं जीव लावायला वेळ होता? माझं सगळं लक्ष तिकडच्या पाठाकडे. पाचवी-सहावी एकाच खोलीत बसायची. हा वर्ग म्हणजे माझी तालीम, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

आता आमच्याकडे वर्ग कसा चालतो ते सांगते. बाई म्हणतात, "सूर्य पूर्वेला उगव..." आणि थांबतात. अख्खा वर्ग बेंबीच्या देठापासून ओरडतो, "तोऽऽ!" बाई म्हणतात, "पाणी तापलं की त्याची होते वा..." वर्ग म्हणतो, "फऽऽ!" मग "कळलं काय?" आणि "होऽऽ!" मी अशीच शिकले, माझे बाबाही अशीच चौथी शिकले. वर्ग दणाणला की बाईंना वाटतं पाठ भारी झाला, पोट्ट्यांना वाटतं आपल्याला सगळं येते, आणि बाजूच्या वर्गाला कळतं की इकडे शिकवणं चालू आहे. अर्धं वाक्य बाईचं, अर्धं पोट्ट्यांचं. मला तर त्या आवाजात घरी असल्यासारखं वाटायचं.

सगळ्यांना धास्ती होती ती माझ्या इंग्रजीची. मलाही. म्हणून मी जिथं तिथं इंग्रजी पुटपुटत फिरायचे. विषय ठरला होता, ओले कपडे वाळतात तेव्हा पाणी जातं कुठं. एसटीत खिडकीशी बसून मी न दिसणाऱ्या मुलांना हात हलवून हलवून शिकवत असे. एक दिवस कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला, "मॅडम, तब्येत बरी आहे ना?" शनिवारी घरी गेले तर अंगणात येरझाऱ्या. आई म्हणायची, "उतावळा नवरा अन् गुडघ्याले बाशिंग. बस ना वं जरा!" बाबा शिफ्टवरून आले की समोर खुर्ची टाकून बसायचे आणि माझा अख्खा पाठ ऐकायचे. एक अक्षर कळत नसे. पाठ संपला की टाळी वाजवायचे.

पाठाच्या दिवशी कॉलेजच्या कॉम्प्युटर खोलीत मी आणि आमच्या मार्गदर्शक मॅडम, दोघीच. मॅडम कोपऱ्यात बसल्या. पडद्यावर तिकडचा वर्ग उघडला. गोल टेबलांभोवती बसलेली मुलं, नीटनेटकी, माझ्याकडे बघणारी. मागं त्यांच्या शिक्षिका. मी ओला रुमाल दाखवला, मग वाळलेला दाखवला. इंग्रजी अडखळलं नाही. मला जरा चेव आला. म्हणजे पाणी गेलं कुठं, पाणी गेलं... आणि मी वाक्य शेवटच्या शब्दापाशी सोडलं, कान पुढे करून, हात वर उचलून, जसं रोज सोडते तसं.

कोणी ते उचललंच नाही.

मुलं शांतपणे बघत होती. बोलणं अजून संपलेलं नाही, बाई संपवतील, अशा अदबीनं. पंखा फिरत होता तेवढाच आवाज. "हवेत!" मीच ओरडले. पुढचं वाक्य घेतलं, पुन्हा शेवटी सोडलं, पुन्हा शांतता, पुन्हा मीच. "कळलं का?" म्हणून विचारलं, तर 'हो' म्हणायलाही कोणी नाही. मग मी सुटलेच. प्रश्न मी, उत्तर मी, शाबासकीही मीच. मध्येच एका मुलीनं हात वर केला. आमच्याकडे चालू पाठात हात वर झाला की त्याचा अर्थ एकच, बाई, पाणी पिऊन येऊ? मी तिला हातानंच खुणावलं, थांब, नंतर. तिनं हात खाली घेतला.

पाठ संपल्यावर मुलं गेली आणि त्या शिक्षिका कॅमेऱ्याजवळ येऊन बसल्या. बाई सौम्य होत्या, तेच जास्त लागलं. इंग्रजी चांगलं आहे म्हणाल्या, विषय येतो म्हणाल्या. "पण सगळी उत्तरं तूच दिलीस. आणि त्या मुलीला काय विचारायचं होतं?"

मला काय माहीत?

"अजून एक पाठ घे," त्या म्हणाल्या. "तुमच्या उन्हाळी सुट्टीच्या आधी. मग ठरवू."

पडदा बंद झाल्याबरोबर माझा पारा चढला. "मुकी पोट्टी आहेत ती, मॅडम! भिंतीला शिकवलं असतं तर भिंतीनं हुंकार दिला असता!" मॅडमनी माझं बोलणं संपू दिलं. मग म्हणाल्या, "पहिल्या वर्षाला प्रश्न कौशल्याचा पाठ घेतला होतास ना? त्यात काय होतं? प्रश्न विचारा आणि थांबा."

"घेतला होता. मार्कही चांगले दिले होते तुम्हीच."

"मग थांब की."

"किती वेळ?"

"कोणी बोलेपर्यंत."

"अन् कोणी बोललंच नाही तर?"

"तर तू काही मरणार नाहीस," मॅडम म्हणाल्या आणि चहा मागवायला गेल्या. मला तेव्हा त्यांचा भयंकर राग आला होता.

घरी फोनवर बाबांना सांगितलं, अजून एकदा बोलावलंय. बाबा खूश! "म्हंजे आवडलं असंन त्याह्यले!" मला रडू येत होतं आणि मागं हॉस्टेलच्या पोरी नळावर भांडत होत्या, ते बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत इरेला पेटूनच गेले. आज थांबायचंच. वर्गात शिरले, फळ्यावर प्रश्न लिहिला, वळले आणि उभी राहिले. एक शब्द बोलले नाही. वर्गात कुजबुज होती ती थांबली. कोणीतरी कोणाला कोपर मारलं. आणि मग, कोणी काही न सांगता, पुढच्या रांगेपासून मागच्या रांगेपर्यंत सगळ्यांनी हाताची घडी घातली आणि तोंडावर बोट ठेवलं. अख्खा वर्ग! मिसरूड फुटायला आलेले सहावीतले पोट्टेसुद्धा. बाई गप्प म्हणजे बाई रागावल्या, एवढं सरळ. मी तशीच उभी. तेवढ्यात मागून एकाला राहवलं नाही, तोंडावरचं बोट तसंच ठेवून तो म्हणाला, "बाई, त्याचा कंपास मी नाई लपवला!" त्यावर दुसरा, "खोटं बोलून राह्यला बाई, त्यानंच लपवला!" हेडसर दारातून डोकावले. "काय झालं मॅडम, काही तोडलं काय यांनी?"

मला हसू फुटलं. "मी रागावली नाई रे," मी म्हटलं. "मी वाट पाहून राह्यली."

"कायची, बाई?"

"तुमची."

ते सगळ्यांना फारच विनोदी वाटलं.

त्या दिवसापासून आम्ही नवा कायदा केला. बाईनं अर्धं वाक्य सोडायचं नाही. वर्गानं एका सुरात ओरडायचं नाही. बाई विचारतील, मग सगळ्यांनी विचार करायचा, आणि सुचलं त्यानं हात वर करायचा. पोट्ट्यांना चार-आठ दिवस जड गेलं, जिभेवर आलेला 'तोऽऽ' गिळताना त्यांचे गाल फुगायचे. पण त्यांच्यापेक्षा मला जड गेलं. मी खडू मोडायचे, पदर पिळायचे, फळ्यापासून दारापर्यंत आणि दारापासून फळ्यापर्यंत चालायचे, आणि सगळ्यांच्या माना माझ्याबरोबर फिरायच्या. खिडकीशी एक मुलगी बसायची, सहावीतली, जाड काचेचा चष्मा. ती एकदा म्हणाली, "बाई, तुम्ही थांबता, पन तुमचे पाय नाई थांबत. मंग आम्हाले सुचत नाई." वर्ग चिडीचूप, आता बाई काय म्हणतात म्हणून. मी स्टूल ओढलं आणि बसले.

मोहाची फुलं वेचायचे दिवस होते. पोट्टे पहाटे आईबरोबर मोह वेचून मग शाळेत यायचे, त्यांच्या कपड्यांना, बोटांना, वह्यांना सगळ्याला तो गोडसर, डोकं धरणारा वास. गावात प्रत्येक अंगणात मोह वाळत पडलेला. म्हणून मी रुमाल सोडला आणि विचारलं, ओला मोह आणला, उन्हात टाकला, सुकून मनुक्यासारखा झाला. त्यातलं पाणी कुठं गेलं? बसले स्टुलावर, हात मांडीखाली दाबून. एक हात वर आला. "सूर्यानं पेलं." दुसरा म्हणाला, जमिनीनं. तिसरा म्हणाला, ढगात गेलं, पुस्तकात आहे. मग खिडकीतल्या मुलीनं हात वर केला.

"बाई, पानी गेलं तर वास काऊन नाई गेला? वास तर त्याच्यातच होता ना? वाळलेल्या मोहाले तर जास्तच वास येते."

मलाच ते कधी सुचलं नव्हतं. पण गंमत म्हणजे पूर्वीसारखं काहीतरी ठोकून द्यावं असंही वाटलं नाही. सगळा वर्ग वाद घालू लागला, हात वर करून करून, आणि मी त्या गलक्यात बसून राहिले. परत येताना एसटीत इंग्रजी पुटपुटायचं विसरून गेले.

दुसऱ्या पाठाला मी स्टीलच्या डबीत वाळलेला मोह घेऊन गेले. कॉम्प्युटर खोलीतल्या खुर्चीवर बसले. पडद्यावर तीच मुलं, त्यांच्या मागं त्याच शिक्षिका. मोह दाखवला, आमच्या जंगलात हे फूल पडतं, लोक वाळवतात, सांगितलं. पाणी उडून गेलं हेही सांगितलं. मग आमच्या खिडकीतल्या मुलीचाच प्रश्न ठेवला समोर: पाणी गेलं, मग वास का राहिला? आणि थांबले.

शांतता. काय सांगू, आई दारात उभी राहायची तीच शांतता होती ती. आता गेलं सगळं, आता बोल, काहीतरी बोल, आईनं विहारात सांगून ठेवलंय, बाबांनी टाळ्या वाजवल्यात, बोल! मी मांडीखालचे हात आणखी दाबले. कोपऱ्यातून मॅडमचा श्वास ऐकू येत होता.

आणि मागच्या वेळी जिला मी 'नंतर' म्हटलं होतं, तिनंच हात वर केला. तिच्या घरी फुलांचे हार करतात, म्हणाली. ते वाळतात, पण वास जात नाही. म्हणजे वास पाण्याचा नसेलच, फुलात दुसरं काहीतरी असेल, जे पाण्याबरोबर उडत नाही. शेजारच्या मुलानं लगेच तिला खोडून काढलं. मग तिसरा बोलला. मग टेबलाटेबलांवर असा काही कल्ला झाला की मला आमची पाचवी-सहावी आठवली. डोळे भरून आले. ते कॅमेऱ्यात दिसू नयेत म्हणून मी डबीचं झाकण लावत बसले.

निरोप मॅडमनी फोनवर दिला. "बॅग भर." मी शनिवारी घरी जाऊन सांगितलं. बाबा बाहेर गेले आणि मोटरसायकल पुसायला लागले, जी सकाळीच पुसून झाली होती. पुसता पुसता बाहीनं डोळेही पुसून घेतले. आई म्हणाली, "म्हनलं नव्हतं? काऊन नाई होणार?" आणि चप्पल घालून तडक विहाराकडे निघाली.

मग शाळेतला शेवटचा दिवस आला. दुसऱ्या दिवसापासून उन्हाळ्याची सुट्टी. पोट्ट्यांनी जंगलातून तेंदूची टेंभरं आणली होती, चारोळीची चारं आणली होती, पळसाच्या पानाच्या द्रोणात घालून टेबलावर नुसती रीघ. मला मेलीला बेतानं लावायचा होता जीव! मग मी नेहमीसारखी भराभर बोलत सुटले. विमान कसं असते, तिकडे समुद्र आहे, तिकडच्या पोट्ट्यांनी तुमच्या मोहावर किती वाद घातला, तुमच्यामुळंच माझं काम झालं. सगळे टक लावून ऐकत होते. खिडकीतली मुलगी चष्मा पुसत होती.

"रडायचं नाई," मी म्हटलं. "मी का कायमची जाऊन राह्यली? मी तिकडून आली की सगळ्यात आधी या शाळेत परत ये..."

सोडलं वाक्य. कान पुढे, हात वर. सवयच ती, इतक्या दिवसांची. आता 'णारऽऽ' येईल, छप्पर दणाणेल, मी रडून घेईन आणि एसटी पकडेन.

कोणी ओरडलं नाही.

ते विचार करत होते. कपाळाला आठ्या घालून, छताकडे बघत, एकमेकांकडे बघत. मी शिकवलं होतं तसंच. शेवटी खिडकीतल्या मुलीनं चष्मा घातला, हात वर केला आणि ती उभी राहिली.

"बाई, मागच्या साली ज्या बाई आल्या होत्या ना, त्याह्यनंबी असंच म्हनलं होतं. आम्ही सगळ्यायनं लय जोरात म्हनलं, येणार. नाई आल्या." ती रागानं बोलत नव्हती, मोहाच्या वासाचं विचारलं होतं तशीच विचारत होती. "तर हे आम्हाले कसं सांगता येईन? हे तर तुम्हीच सांगा."

बाहेर हेडसर कोणाशी तरी बोलत होते, ते ऐकू येत होतं. मी स्टुलावर बसले. तोंडात 'येणार' होतं, म्हणून टाकायचं तेवढंच बाकी होतं. घुग्घुस, हॉस्टेल, विमान, तिकडची शाळा, मग नोकरी कुठं लागेल, कोणत्या गावी, सगळं डोळ्यांपुढून गेलं. पोंभुर्ण्याची एसटी त्यात कुठंच दिसली नाही.

पाचवी-सहावी वाट बघत होती. मी इतकी गप्प बसले होते, तरी एकानंही हाताची घडी घातली नाही, एकानंही तोंडावर बोट ठेवलं नाही.

"मले माहीत नाई," मी म्हटलं.

तिनं मान डोलावली आणि खाली बसली.